सड्यावरची रेंज

वाडीतून सड्यावर, म्हणजे वरच्या जांभ्याच्या पठारावर, चढायला वीस मिनिटं लागतात, पाऊस असेल तर अर्धा तास. २०२५ च्या सप्टेंबरअखेरीस मी ती चढण चढत होते तेव्हा माझ्यापुढे सात बायका होत्या. जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलं होतं. प्रत्येकीच्या हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत फोन, आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी त्याच महिन्यात सक्तीची झाली होती आणि देवगड तालुक्यातल्या या वाडीत घरात बसून ओटीपी येत नाही.

"हय रेंज येना नाय. वर सड्यार जावचा लागता," असं खालच्या पहिल्याच खळ्यात एका काकींनी मला सांगितलं होतं.

सड्यावर करवंदीच्या जाळीशेजारी एक बसका दगड आहे. त्यावर फोन टेकवायला कुणीतरी चिऱ्याचा तुकडा आणून ठेवला आहे. सगळ्या बायका त्या दगडाभोवती उभ्या राहिल्या. ई-केवायसीत ओटीपी दोन. पहिला बाईच्या आधारला जोडलेल्या नंबरवर, दुसरा नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या. कोकणातल्या बाईचा नवरा बहुतेक वेळा मुंबईत. पहिल्या बाईचे यजमान नालासोपाऱ्यात होते. त्यांच्या फोनवर आलेला आकडा त्यांनी शेजारणीच्या मोबाईलवर फोन करून सांगायचा, शेजारणीने तो मोठ्याने म्हणायचा आणि हिने फॉर्मात भरायचा.

"इलो, इलो! बेगीन लिव. चार... नव... नव..."

तिथे फोन तुटला. पुन्हा लागला तोवर वेळ संपली होती. दुसऱ्या खेपेला पान उघडलंच नाही, नुसतं घुमत राहिलं. तिसऱ्या वेळी सहाही आकडे आले, तेव्हा त्या बाईने फोन कपाळाला लावला. सात जणींचं हे काम तीन तास चाललं आणि त्यातल्या दोघी दुसऱ्या दिवशी पुन्हा वर आल्या. एकीचं तान्हं मूल खाली सासूजवळ होतं.

रेंजविषयी लिहायला मी इथे आले ते माझं आजोळ याच तालुक्यात आहे म्हणून. शहरात आपण रेंज नसण्याला गैरसोय म्हणतो. लिफ्टमध्ये फोन तुटतो, तळघरातल्या पार्किंगमध्ये पैसे जात नाहीत, एवढंच. इथे पैसे, रेशन, दवाखाना, शाळेचा दाखला, सगळं त्या दगडावरून जातं. रेशन दुकानातल्या ई-पॉस मशिनला नेट लागतं, अंगणवाडीताईंना २०२१ पासून पोषण ट्रॅकरवर नोंदी कराव्या लागतात, रोजगार हमीच्या कामावर २०२३ पासून हजेरीचा फोटो ॲपवर चढवावा लागतो. सरकारने आपला दरवाजा फोनमध्ये हलवला आहे. तो फोन जिथे चालत नाही, तिथल्या माणसाने दरवाजा शोधत डोंगर चढायचा.

आणि तरीही हे गाव कागदावर रेंजमध्ये आहे.

केंद्र सरकारच्या आकड्यांनुसार देशातल्या सुमारे ६ लाख ४४ हजार गावांपैकी ६ लाख २० हजारांहून अधिक गावांत मोबाईल पोचला आहे. आकडा मोठा आहे आणि त्यामागे खरं काम आहे, हे मी मोकळेपणाने म्हणते. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी देशातलं पहिलं मोबाईल संभाषण केलं, तेव्हा या भागात तार आली की घरात रडारड सुरू व्हायची. तिथून इथवर तीस वर्षांत आलो. पण कोकणातलं गाव म्हणजे एक ठिपका नसतो. वरची वाडी, खालची वाडी, बौद्धवाडी, गावठण, भंडारवाडी, एखादी धनगरवाडी सड्याच्या पलीकडच्या कुशीत. दोन वाड्यांमध्ये व्हाळ म्हणजे ओढा, गडगे, आंब्याच्या बागा आणि कधी चक्क एक टेकडी. गावठणात रेंज आली की गाव झालं. वाड्या मात्र उरतात. देशाला रेंज द्यायची तर गावं मोजून भागणार नाही, वाड्या मोजाव्या लागतील, घरं मोजावी लागतील. माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते मला सुचलेलं नाही. ते मी एका वहीत पाहिलं.

ती वही एका निवृत्त गुरुजींची. दोनशे पानी, रेघी, शाळेत हजेरीला वापरायचे तसली. गेली दीड वर्षं गुरुजी वाडीतल्या घराघरांत जाऊन फोनची रेंज मोजतात. पडद्यावरच्या कांड्या मोजत नाहीत. "कांड्यांचो काय भरवसो नाय," ते म्हणाले. मुद्दा बरोबर आहे. किती सिग्नलला किती कांड्या दाखवायच्या ते ज्याची त्याची फोन कंपनी ठरवते. एकाच जागी एका फोनला तीन दिसतील, दुसऱ्याला एक. खरा आकडा फोनच्या सेटिंगमध्ये असतो. 'फोनविषयी' या भागात सिमची स्थिती पाहिली की तिथे सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दिलेली असते. आकडा उणे असतो, शून्याकडे जाईल तितका चांगला. फोर-जीवर उणे ८५ म्हणजे छान, उणे १०० म्हणजे चालेल, उणे ११५ च्या पुढे गेला की हॅलो-हॅलो सुरू.

गुरुजींच्या वहीत एका पानावर असं लिहिलेलं होतं: सड्यावरचा दगड उणे ७८, देवळाचा पार उणे १०३, खळं उणे १११, माजघर उणे ११८, व्हाळाकडची दोन घरं – नाही. हे माप दर दहाला दहा पट बदलतं. म्हणजे दगड आणि माजघर यांत चाळीसचा फरक दिसतो, तो प्रत्यक्षात दहा हजार पटींचा. ज्या लहरी दगडावर पोचतात त्यांचा दहा हजारावा भाग चुलीपाशी बसलेल्या बाईला मिळतो.

का, हे समजायला सड्यावर उभं राहून खाली बघावं. टॉवर सड्यावर आहे, कारण उंचावरून लांबवर दिसतं. इथून तो जवळपास दीड किलोमीटर. पण वाडी सड्याच्या कडेखाली, व्हाळाच्या काठाला. टॉवरकडून सरळ रेघ मारली तर ती वाडीच्या डोक्यावरून निघून जाते. टॉवरचे अँटेना पुढे, महामार्गाच्या आणि मोठ्या गावाच्या दिशेने रोखलेले. पायथ्याशी छाया पडते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

छायेतही थोडा प्रकाश वळून येतो, लहरीही वळतात. किती वळतील ते त्यांच्या लांबीवर. ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब, त्या डोंगराच्या कडेवरून बऱ्यापैकी खाली उतरतात, चिऱ्याच्या भिंतीतूनही आत शिरतात. २३०० किंवा ३५०० मेगाहर्ट्झच्या लहरींना ते जमत नाही. त्या भरपूर डेटा वाहून नेतात, पण समोर मोकळं लागतं. म्हणून रत्नागिरी शहरात फाइव्ह-जी धावतो आणि इथे फोन मधूनच फाइव्ह-जीची एखादी कांडी पकडायला जातो नि हातातला कॉलही सोडतो. असं होत असेल तर सेटिंगमध्ये फोन फोर-जीवर ठेवावा, फरक पडतो. शिवाय इथली झाडं. आंबा, फणस, काजू बारमाही हिरवे, पावसात निथळणारे. ओलं पान लहरी पितं. हापूसच्या बागेत उभं राहून वाशीच्या मार्केटचा भाव विचारायला बागायतदार बागेबाहेर का येतो, त्याचं हे कारण.

आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला इतकी वर्षं कळली नव्हती. फोनवर दोन कांड्या दिसतात, समोरच्याचा आवाज येतो, पण आपलं त्याला ऐकू जात नाही. "माझा येतोय का? माझा येतोय का?" कांड्या फक्त टॉवरकडून आपल्याकडे येणारं बोलणं मोजतात. टॉवर वीस-चाळीस वॉटने बोलतो. आपला फोर-जी फोन जास्तीत जास्त वॉटच्या पाचव्या भागाएवढ्या ताकदीने. टॉवरची हाक वाडीत पोचते, वाडीचं उत्तर टॉवरपर्यंत पोचत नाही. हे वाक्य मी तंत्राचं म्हणून लिहिलं, पण लिहून झाल्यावर बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

टॉवर नकोच म्हणणारी माणसंही गावात आहेत. एका घरात आजोबा मला म्हणाले की त्या किरणांनी आजार होतात. त्यांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. पण आपल्या देशात सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या किरणांची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश ठेवलेली आहे. आणि फोनचा स्वभाव असा की टॉवर लांब असला, रेंज अडखळत असली की तो आपली ताकद कमाल करतो. कानाला लावलेला फोन तेव्हा सगळ्यात जोराने लहरी सोडत असतो. टॉवर जवळ असला की फोन हळू बोलतो. आजोबांना मी हे सांगितलं. ते पटलं की नाही ते त्यांनी सांगितलं नाही, पण चहा दिला.

टॉवरची देखभाल करणारा मुलगा मला सड्यावर भेटला. मोटरसायकलच्या मागे डिझेलचा कॅन बांधलेला, रेनकोट फाटका. लोक टॉवर म्हणजे लोखंडाचा सांगाडा समजतात. त्याच्या दृष्टीने टॉवर म्हणजे वीज, बॅटरी, डिझेल आणि 'लिंक'. वीज गेली की ४८ व्होल्टची बॅटरी काही तास ओढते, मग जनरेटर. जुलैत वीज दोन-दोन दिवस जाते, डिझेल संपतं, तोवर सड्यावरचा रस्ता चिखलाने बंद झालेला असतो. कॅन खांद्यावर घेऊन तो चालत वर येतो.

त्याहून वाईट आकाशातली वीज. "जांभ्यात अर्थिंग गावणा नाय," तो म्हणाला आणि मला खड्डा दाखवला. कोळसा आणि मीठ भरून त्यात पट्टी गाडलेली. मातीत वीज सहज उतरते, कातळात उतरत नाही, ती मग यंत्रात शिरते. मे महिन्यात वळवाच्या एका गडगडाटाने कार्ड जळलं तर नवं येईपर्यंत पूर्ण टापू मुका. उन्हाळ्यात तो त्या खड्ड्यात पाणी ओततो. पिण्याचं पाणी टँकरने येणाऱ्या सड्यावर, कॅनमध्ये भरून आणलेलं पाणी.

आणि लिंक. कांड्या पूर्ण, पण नेट नाही, हा अनुभव ज्यांना आहे त्यांच्यासाठी सांगते: आपला फोन टॉवरशी बोलतोय, टॉवरच पुढे कुणाशी बोलू शकत नाही. टॉवर जगाशी जोडला जातो तो ऑप्टिकल फायबरने किंवा दुसऱ्या टॉवरकडे तोंड केलेल्या मायक्रोवेव्हच्या तबकडीने. तबकडीच्या लहरी इतक्या आखूड असतात की कोकणातला धो धो पाऊस त्यांना गिळतो. फायबर पावसाला दाद देत नाही, पण जेसीबीला देतो. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात रस्त्याकडेच्या केबली किती वेळा तुटल्या, ते इथल्या कुठल्याही बँकेत विचारावं. बँकेत, कारण तिथे रांग लावून माणसं थांबलेली असतात.

जाता जाता सड्याबद्दल एक. याच सड्यांवर, रत्नागिरी-सिंधुदुर्गात, हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं आहेत. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. टॉवरसाठी कातळ खोदण्याआधी त्या कातळावर काय कोरलेलं आहे ते पाहिलंच पाहिजे. मला दोन्ही हवंय.

गणपतीत वेगळाच प्रश्न. दीडशे माणसांच्या वाडीत मुंबईकर येतात आणि पाचशे होतात. देवळाच्या पारावर रेंज तीच, आकडा तोच, पण फोन लागत नाही. ही रेंजची नाही, रुंदीची अडचण. एसटी वेळेवर आली, पण आत जागाच नाही. मोठ्या यात्रांना कंपन्या चाकांवरचे टॉवर आणून उभे करतात. कोकणातल्या गणपतीला तसे हवेत.

अशा वेळी माणूस स्वतःची सोय बघतो. मुंबईहून येताना कुणी ऑनलाइन मागवलेला बूस्टर आणतो, घरावर अँटेना, घरात डबी, आणि त्या घरात खरंच चार कांड्या उभ्या राहतात. त्या माणसाचा हेतू वाईट नसतो, पण हे सांगायलाच हवं की परवान्याशिवाय असा बूस्टर लावणं बेकायदा आहे. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून बिनतारी यंत्राला परवानगी लागत आली आहे. कारण तांत्रिकही आहे. ती डबी आपल्याबरोबर गोंगाटही मोठा करून टॉवरकडे फेकते. टॉवर दूरच्या दुबळ्या फोनांकडे कान लावून असतो, त्या कानात ही ओरडते. एका घराच्या चार कांड्यांपायी व्हाळापलीकडच्या दहा घरांचं उरलंसुरलं बोलणं बुडतं. कायदेशीर आणि कितीतरी स्वस्त उपाय आहे तो वाय-फाय कॉलिंगचा. घरात किंवा शेजारी फायबरचं कनेक्शन असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये ते एकदा चालू करायचं, मग साधा कॉल वाय-फायवरून जातो, वेगळं ॲप लागत नाही. सरकारच्या भारतनेट योजनेचं फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आलं आहे. ग्रामपंचायत गावठणात. वाडी तिथून तीन किलोमीटर. पुन्हा तेच.

गुरुजींच्या वहीत एक रकाना आहे, ज्याने मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं. व्हाळाकडच्या एका घरापुढे त्यांनी लिहिलं होतं: 'फक्त आपत्कालीन कॉल'. फोनवर हे शब्द आले की आपण रेंज नाही असं समजतो. अर्थ वेगळा आहे. तिथे दुसऱ्या कंपनीची रेंज आहे. ११२ हा नंबर कुठल्याही कंपनीच्या टॉवरवरून लागतो, म्हणून फोन तेवढी परवानगी दाखवतो. (हे लक्षात ठेवावं. सड्यावर फुरसं चावलं आणि आपल्या सिमला रेंज नसली तरी ११२ लावून बघावा.) म्हणजे त्या घरावर लहरी रोज बरसतायत. लहरी आहेत, टॉवर आहे, वीज जळते आहे, आणि घरातल्या बाईचा फोन मुका, कारण तिचं सिम दुसऱ्याचं.

यावर उपाय सापडलेला आहे. २००२ पासून दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातला पाच टक्के हिस्सा ग्रामीण सेवेच्या निधीत जातो. २०२३ च्या कायद्याने त्याचं नाव डिजिटल भारत निधी झालं. जानेवारी २०२५ मध्ये या निधीतून उभारलेल्या टॉवरांवर इतर कंपन्यांच्या ग्राहकांनाही रेंज देण्याची सोय सुरू झाली. असे सुमारे २७ हजार टॉवर. त्याआधी, जुलै २०२२ मध्ये, रेंज नसलेल्या २४,६८० गावांत फोर-जी नेण्यासाठी २६,३१६ कोटींची योजना मंजूर झाली, काम बीएसएनएलकडे. २७ सप्टेंबर २०२५ ला ओडिशातल्या झारसुगुड्यात बीएसएनएलच्या देशी बनावटीच्या फोर-जीचं उद्घाटन झालं. त्यातला ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा आमच्यासारख्या डोंगरदऱ्यांना सगळ्यात उपयोगी. हे सगळं मला मनापासून आशेचं वाटतं. फक्त एकमेकांची रेंज वापरायची ही सोय सरकारी पैशाच्या टॉवरपुरती न राहता, जिथे एकाच कंपनीची रेंज पोचते त्या प्रत्येक वाडीत सक्तीची व्हावी. आपत्ती आली तर ती लागतेच.

आपत्तीचं कोकणाला सांगावं लागत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, त्यानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीत कित्येक दिवस वीजही नव्हती आणि फोनही. मुंबईतली माणसं आपल्या आईवडिलांची खुशाली कळावी म्हणून गाड्या काढून निघाली होती, टाळेबंदी असताना. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं आणि त्याच दिवशी महाडजवळच्या तळीयेत डोंगर कोसळला. रस्ते बंद होते, मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. त्या रात्री चिपळुणातल्या माझ्या मैत्रिणीचा फोन मी किती वेळा लावला ते आठवत नाही. ती माळ्यावर होती, सुखरूप होती. हे मला तिसऱ्या दिवशी कळलं.

ऑक्टोबर २०२४ पासूनच्या, दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमानुसार प्रत्येक कंपनीला आपल्या रेंजचा नकाशा वेबसाइटवर लावावा लागतो. सड्यावर, दगडाला टेकून, मी गुरुजींच्या सिमच्या कंपनीचा नकाशा उघडला. वाडी पूर्ण रंगवलेली होती. व्हाळाकडची दोन घरंही रंगात. गुरुजींनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं, मग वही उघडून तेच पान माझ्यापुढे धरलं. नकाशा बहुधा संगणकाच्या हिशेबाने काढलेला असतो, वही पायी फिरून भरलेली. येत्या ग्रामसभेत ते वही मांडणार आहेत, ठराव करून घेणार आहेत. मागणी साधी आहे: टॉवरचा एक अँटेना वाडीकडे खाली झुकवावा किंवा व्हाळाच्या वळणावर, समोरच्या उतारावर, एक छोटा टॉवर द्यावा. जागा एका बागायतदाराने कबूल केली आहे.

मी निघायच्या दिवशी दुपारी ते शेवटच्या उरलेल्या घरी मोजायला निघाले. मीही गेले. घरात एक म्हातारी आजी आहे, पाय मोडल्यापासून अंथरुणावर. मुलगा डोंबिवलीला. फोन तिच्या उशाशी असतो आणि तो वाजत नाही. मुलगा सुनेच्या फोनवर करतो, तो खळ्यात असली तर लागतो. गुरुजींनी उशापाशी फोन धरला. उणे ११९. खिडकीपाशी गेले, खिडकी उघडली, हात बाहेर काढून पुन्हा पाहिलं. उणे ११०.

"खाट हय सरकवया," ते म्हणाले.

सून, तिचा मुलगा, गुरुजी आणि मी अशा चौघांनी आजीसकट खाट उचलून खिडकीला लावली. आजीला आम्ही काय करतोय ते कळलं नाही, पण खिडकीतून तिला फणस दिसला, तो किती वाढलाय असं ती सुनेला म्हणाली. गुरुजींनी वहीत दोन्ही आकडे लिहिले, पुढे 'खाट हलवली' असं लिहिलं आणि सुनेकडून डोंबिवलीचा नंबर मागून घेतला.